फराळाच्या वेबसाइटवरून गिऱ्हाईक रिकाम्या हाताने का परतते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरगुती खाद्यपदार्थ विकणाऱ्यांना हल्ली जो तो एकच सल्ला देतो : वेबसाइट काढा. बचत गटांच्या प्रशिक्षणात तो मिळतो, मेळाव्यांतल्या भाषणांत मिळतो, वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतही मिळतो. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. वेबसाइट निघते, इन्स्टाग्रामवर जाहिरातीला पैसे घातले जातात, महिन्याला हजार माणसे येऊन बघून जातात आणि ऑर्डरी येतात चार. मग पुढचा सल्ला येतो, जाहिरात वाढवा. आमचा आक्षेप या दुसऱ्या सल्ल्याला आहे.

हिशेब मांडून पाहू. एका क्लिकला पाच रुपये पडतात असे धरले, तर हजार माणसांचे पाच हजार झाले. चार ऑर्डरी आल्या, म्हणजे एकेका ऑर्डरीमागे जाहिरातीचेच साडेबाराशे. आठशेच्या फराळात सुटतात दीडशे-दोनशे. जाहिरात वाढवली की खड्डा तेवढाच वाढतो. त्याच हजारांतून वीस ऑर्डरी निघाल्या तर हा खर्च ऑर्डरीमागे अडीचशेवर येतो. तरीही पहिल्या ऑर्डरीत पदरात काही पडत नाही. पडते ते त्याच घरातून दुसरी, तिसरी ऑर्डर आली की. म्हणून माणूस पानावर उतरल्यापासून पैसे भरेपर्यंतची वाट आधी साफ करावी, जाहिरातीचा विचार नंतर.

प्रदर्शनातल्या स्टॉलवर काय होते ते आठवावे. ताई चिमूटभर चिवडा हातावर ठेवतात, गिऱ्हाईक पाकीट उचलून वजनाचा अंदाज घेते, ‘तेल कुठलं?’ विचारते, ‘किती दिवस टिकेल?’ विचारते, मागच्या तारखेवर नजर टाकते आणि पैसे काढते. वेबसाइटवर यातले काहीच करता येत नाही. म्हणजे हे सगळे प्रश्न विचारायच्या आधीच त्यांची उत्तरे पानावर हवीत. प्रत्यक्षात तिथे असते ‘अस्सल घरगुती चव, प्रेमाने बनवलेले’. या वाक्याने आजवर कुणाचीही शंका फिटलेली नाही.

भाजणीच्या चकलीचे पान घ्या. नावाखाली लगेच वजन आणि किंमत हवी : ५०० ग्रॅम, मध्यम आकाराच्या साधारण २५ ते ३० चकल्या. नग लिहिण्याचे कारण असे, की अर्धा किलो चकली म्हणजे डबा किती भरेल हे शहरातल्या तरुण गिऱ्हाइकाला डोळ्यांसमोर आणता येत नाही. नग म्हटले की येते. मग भाजणीत काय आहे ते : तांदूळ, हरभरा डाळ, मूग डाळ, उडीद डाळ, धने, जिरे. तळण कोणत्या तेलात, तीळ आहेत का, त्याच कढईत शेंगदाण्याचा पदार्थ तळला जातो का, हेही. ज्याला वावडे असते तो हे वाचल्याशिवाय ऑर्डर देत नाही. तिखट किती, लहान मुले खातील का. कधी तळली जाते आणि त्यानंतर किती दिवस खुसखुशीत राहते. टिकण्याचे दिवस वाढवून सांगू नयेत. पावसाळ्यात पाकीट उघडल्यावर चकली चार दिवसांत सादळते, तेव्हा ‘उघडल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा’ एवढे लिहिले तर निम्म्या तक्रारी जागीच मिटतात.

फोटो तीन पुरेत. एक मोडलेल्या चकलीचा, आतली नळी पोकळ दिसेल असा. जाणकार गृहिणी आधी तेच बघते. एक तळहातावर ठेवलेल्या चकलीचा, म्हणजे आकार कळतो. तिसरा ज्या पाकिटात किंवा बरणीत माल जाणार त्याचा, लेबल वाचता येईल असा. स्टीलच्या ताटात फोटो काढला की वरच्या ट्यूबलाइटचा पट्टा ताटात चमकतो आणि पदार्थ काळवंडतो. खिडकीशेजारी, सकाळी नऊ-दहाच्या उजेडात, साध्या सुती कापडावर काढावा. इंटरनेटवरून उचललेला चकचकीत फोटो तर नकोच. पार्सल उघडल्यावर आतली चकली त्या फोटोसारखी दिसली नाही, की ते घर कायमचे हातचे गेले.

मोबाइलवर काढलेला फोटो चार-पाच एमबीचा असतो. असे बारा फोटो एका पानावर चढवले की साध्या फोनवर पान उघडता उघडत नाही आणि माणूस मागे फिरतो. रुंदी १२०० पिक्सेलपर्यंत कमी करून वेबपी या हलक्या फाइल-प्रकारात साठवला तर तोच फोटो दीड-दोनशे केबीत बसतो, डोळ्यांना फरक जाणवत नाही. पानावरचा मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा, ही गूगलची कसोटी आहे आणि ती गूगलच्याच पेजस्पीड इनसाइट्स या साधनावर फुकट तपासता येते. वेबसाइट बनवणारा मुलगा आपल्या लॅपटॉपवर, वायफायवर दाखवतो. तिथे सगळेच पळते. घरातल्या सर्वांत जुन्या फोनवर मोबाइल डेटा लावून बघावे.

आता खरे दुखणे. वस्तू वेबसाइटवरच्या पिशवीत (कार्टमध्ये) टाकूनही पैसे न भरता निघून जाणाऱ्यांचे प्रमाण जगभरात साधारण ७० टक्के असल्याचे डेन्मार्कच्या बेमार्ड इन्स्टिट्यूटने अनेक अभ्यास एकत्र करून दाखवले आहे. यातले कितीतरी जण नुसते चाळायला आलेले असतात हे खरे. पण बाकीच्यांच्या निघून जाण्याचे पहिले कारण म्हणजे शेवटच्या पानावर अचानक वाढलेला खर्च. आपल्याकडच्या फराळात हा खर्च म्हणजे कुरिअर. ३२० रुपयांचा चिवडा, त्यावर १४० रुपये पोच, आणि हा आकडा दिसतो नाव, पत्ता, फोन सगळे भरून झाल्यावर! फसवल्याची भावना होते. ‘एवढ्यात तर कोपऱ्यावरच्या दुकानातून...’ असे म्हणून माणूस खिडकी बंद करतो आणि परत येत नाही.

पण हा १४० चा आकडा येतो कुठून, हे विक्रेत्यांनाही कळलेले नसते. कुरिअरवाले प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचे वजन यांतले जे जास्त त्याचे पैसे लावतात. आकारमानाचे वजन काढायची सर्रास चालणारी रीत म्हणजे खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचे. एक किलो पातळ पोह्यांचा चिवडा चुरा होऊ नये म्हणून ३० बाय २५ बाय २० च्या खोक्यात भरला, तर गुणाकार होतो १५,००० आणि वजन धरले जाते ३ किलो. एक किलो बेसनाचे लाडू २० बाय १५ बाय १० च्या खोक्यात बसतात. त्याचे आकारमानाचे वजन येते ०.६ किलो, म्हणून प्रत्यक्षातले किलो-सव्वा किलोच मोजले जाते. चिवडा पाठवणारी हवा पाठवते आणि तिचे भाडे भरते. दोन्हींना सरसकट ‘पोच ८० रुपये’ लावणारी बाई लाडवात कमावते आणि चिवड्यात घालवते, आणि महिनाअखेरीला पैसे कुठे गेले ते तिला सापडत नाही.

यावरचा इलाज म्हणजे पदार्थ एकेकटे न विकता खोक्याच्या हिशेबाने विकणे. तळाशी लाडू आणि शंकरपाळे, त्यावर चकलीची बरणी आणि राहिलेल्या सांदीकोपऱ्यांत चिवड्याची पाव-पाव किलोची पाकिटे. असा अडीच किलोचा जिन्नस साडेबारा लिटरच्या (म्हणजे १२,५०० घन सेंटीमीटरच्या) खोक्यात बसला, तर दोन्ही वजने जवळपास सारखी येतात आणि हवेचे भाडे वाचते. पाकिटे कागदाच्या लगद्यात अशी दाबून बसवावीत, की खोके हलवल्यावर आत काही वाजता कामा नये. वाजले म्हणजे करंजीचे कान गेले. खोक्याचे दोनच आकार ठरवून घ्यावेत आणि वेबसाइटवर त्या दोन आकारांचीच पोच-किंमत ठेवावी.

‘अमुक रकमेवर घरपोच मोफत’ ही पाटीही अंदाजपंचे लावू नये. आधी मागच्या पन्नास-साठ ऑर्डरींची सरासरी काढावी. ती ६२० आली तर मर्यादा ७९९ ठेवावी. माणूस एक पाकीट वाढवून तिथपर्यंत जातो. १९९९ ठेवली तर कुणी प्रयत्नच करत नाही, ४९९ ठेवली तर आधीच येत असलेल्या ऑर्डरींचे भाडे आपण उगाच भरतो. मर्यादा कोणतीही असो, पदार्थाच्या पानावरच पिनकोड टाकायची चौकट असावी, आणि तो टाकताच पोच-खर्च आणि पोचण्याचा अंदाजे दिवस दिसावा. वाईट बातमी द्यायचीच असेल तर ती आधी द्यावी.

याच चौकटीने आणखी एक अडचण टळते. करपात्र माल राज्याबाहेर विकायचा तर उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटी नोंदणी लागते. पापड करमुक्त आहे, चिवडा-फरसाण नाही. नोंदणी नसलेल्या ताईंची वेबसाइट बेंगळुरूची किंवा इंदूरची ऑर्डर खुशाल घेते, मग फोन करून पैसे परत करावे लागतात. तिथे राहणारी मराठी घरे तर या फराळाची हक्काची गिऱ्हाइके. एक तर नोंदणी करावी, नाही तर महाराष्ट्राबाहेरचा पिनकोड टाकताच तसे स्पष्ट लिहून यावे. परदेशाचेही तसेच. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना दिलेली शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून काढून घेतली. तिथल्या भाचीला डबा पाठवताना शुल्क कोण भरणार, हे पानावर लिहिलेले नसेल तर वाद ठरलेला.

पैसे भरायच्या पानावर दुसरी मोठी गळती असते. अनेक वेबसाइटींवर तिथे यूपीआयचा क्यूआर कोड नुसता चिकटवलेला असतो. आता बघा, गिऱ्हाईक वेबसाइट उघडते मोबाइलवर, कोडही त्याच मोबाइलच्या पडद्यावर. मग स्कॅन करायचा कशाने? स्क्रीनशॉट काढा, पैशांचे ॲप उघडा, गॅलरीतून तो निवडा, रक्कम आठवून टाका, पैसे गेल्याचा दुसरा स्क्रीनशॉट काढा आणि तो व्हॉट्सॲपवर पाठवा. सहा पायऱ्या झाल्या. तिसऱ्या पायरीवर फोन वाजला की ऑर्डर गेली. पेमेंट गेटवे, म्हणजे वेबसाइटवर थेट पैसे स्वीकारणारी सेवा, घेतला तर बटण दाबताच फोनमधले ॲप रकमेसकट उघडते आणि पैसे आल्याची नोंद आपोआप होते. गेटवेचे शुल्क साधारण दोन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला, तर आठशेच्या ऑर्डरीमागे एकोणीस रुपये पडतात. एवढ्यासाठी साडेबाराशे रुपये खर्चून आणलेले गिऱ्हाईक घालवू नये.

गेटवे घेऊनही एक खोच राहते. इन्स्टाग्रामवरची लिंक इन्स्टाग्रामच्याच पोटातल्या ब्राउझरमध्ये उघडते आणि तिथून पैशांचे ॲप काही वेळा उघडतच नाही. गिऱ्हाइकाला वाटते आपल्याच फोनात बिघाड आहे, विक्रेत्याला वाटते कुणाला घ्यायचेच नव्हते. म्हणून रिलखालची लिंक दाबून, स्वतः पैसे भरून, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर बघावे. अडत असेल तर पानाच्या माथ्यावर ‘वरचे तीन ठिपके दाबून क्रोममध्ये उघडा’ अशी ओळ टाकावी. ओबडधोबड उपाय आहे, पण चालतो.

फॉर्ममध्ये नाव, मोबाइल, पत्ता, पिनकोड आणि जवळची खूण यांपलीकडे काही मागू नये. ‘आधी खाते उघडा, पासवर्ड ठेवा’ म्हणणाऱ्या वेबसाइटला पाव किलो शेवेची ऑर्डर कोण देणार? खरेदीच्या संमतीच्या चौकटीत आधीच टिक करून ठेवणे तर २०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांतच बसत नाही.

कॅश ऑन डिलिव्हरी ठेवावी का, हा प्रश्न हमखास येतो. समजा ऑर्डर ७०० ची. माल आणि पॅकिंग ४७०, पाठवणी ८०, सुटले दीडशे. दहांतले एक पार्सल दारातून परत आले तर जातानाचे ८०, येतानाचे ८० आणि ४७० चा माल, कारण आठ-दहा दिवस फिरून आलेला फराळ पुन्हा विकता येत नाही. म्हणजे ६३० रुपये गेले. उरलेल्या नऊ पार्सलांच्या १३५० रुपये नफ्यातला जवळजवळ निम्मा एका परतीने खाल्ला. साडी किंवा पणत्या परत आल्या तर पुन्हा विकता येतात, तिथे ही सोय परवडते. खाद्यपदार्थांत शंभर रुपये आगाऊ यूपीआयने घ्यावेत आणि बाकीचे दारात. ज्याला खरेच घ्यायचे असते तो शंभराला नाही म्हणत नाही.

व्हॉट्सॲपबद्दल थोडे. वेबसाइटवर ‘व्हॉट्सॲपवर विचारा’ हे बटण असावेच, पण त्यामागची लिंक बरोबर हवी : डब्ल्यूए डॉट मी, तिरकी रेघ, मग ९१ आणि दहा आकडी क्रमांक. अधिकचे चिन्ह, शून्य, मोकळी जागा काही नको. यातले एखादे घुसले की लिंक मरू शकते आणि महिनोन्महिने कुणाच्या लक्षातही येत नाही. लिंकमध्येच आधी लिहिलेला निरोप घालता येतो. त्यात पदार्थाचे नाव टाकावे, म्हणजे ‘हाय’ला ‘बोला ताई’ आणि ‘बोला ताई’ला ‘ते मघाशी बघितलं ते’ हा पाढा टळतो. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये ठरावीक उत्तरे साठवून ठेवता येतात. त्यात पोच-खर्च, टिकण्याचे दिवस आणि पुढची तळणी कधी, एवढी तीन उत्तरे आधी भरावीत आणि प्रत्येकाच्या शेवटी त्या पदार्थाच्या पानाची लिंक द्यावी. ऑर्डर तिथेच पुरी व्हावी, तीस निरोपांच्या साखळीत नव्हे.

आणि ते ‘किंमत इनबॉक्समध्ये’! ही खोड कुणी लावली देव जाणे. विचारायला संकोच वाटणारी माणसे विचारणाऱ्यांहून कितीतरी जास्त असतात, आणि ती सगळी गप्प निघून जातात. शिवाय पाकीटबंद माल ऑनलाइन विकताना छापील किंमत, निव्वळ वजन आणि उत्पादकाचे नाव-पत्ता पानावर दाखवणे वैधमापनशास्त्राच्या (वजन-मापांच्या) नियमांनुसार बंधनकारक आहे. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा किंवा नोंदणीचा, १४ आकडी क्रमांकही पानावर ठसठशीत द्यावा. तो पायथ्याशी मुंगीच्या अक्षरांत दडवण्यात काय मतलब? तक्रार कुणाकडे करायची, तेही लिहावे. त्याच २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवे. फुटलेल्या करंज्यांचे काय करणार, हे एका ओळीत सांगितले (‘उघडतानाचा फोटो २४ तासांत पाठवा, पैसे किंवा नवे पाकीट’) तर ती ओळ दहा खोट्या अभिप्रायांहून जास्त विकते.

खोट्यावरून आठवले. ‘फक्त १० मिनिटे शिल्लक!’ असे उलटे घड्याळ हल्ली तयार मिळते आणि पान पुन्हा उघडले की ते पुन्हा दहापासून सुरू होते. अशा खोट्या घाईला केंद्र सरकारच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी फसव्या क्लृप्त्यांत (डार्क पॅटर्न्समध्ये) घातले आहे. घरगुती उद्योगाला तशी गरजही नाही, कारण त्याची घाई खरीच असते. कढई एक, हात दोन, आठवड्याला माल चाळीस किलो. ‘पुढची तळणी मंगळवारी, ऑर्डर रविवार रात्रीपर्यंत’ हे लिहावे. दिवाळीच्या आधी पुण्या-मुंबईसाठी शेवटची तारीख कोणती, विदर्भ-मराठवाड्यासाठी कोणती आणि परराज्यासाठी कोणती, हे तीन ओळींत मुखपृष्ठावर टाकावे.

चवीचा प्रश्न मात्र उरतोच, आणि त्याला चवीचेच उत्तर लागते. शंभर-शंभर ग्रॅमची चार पाकिटे, पोच-खर्च धरून एकच किंमत, असा चाखण्याचा डबा ठेवावा. त्यात नफा धरू नये. डब्यासोबतच्या चिठ्ठीवर पुढच्या ऑर्डरीची लिंक आणि पंधरा दिवस चालणारी पन्नास रुपयांची सूट द्यावी. दुसरी ऑर्डर आली की जाहिरातीचा खर्च फिटायला लागतो.

हे सगळे एका दिवशी बदलू नये, नाही तर कशाने फरक पडला ते कळत नाही. वेबसाइटवरची ये-जा मोजणाऱ्या गूगल ॲनालिटिक्समधून चार आकडे दर आठवड्याला वहीत उतरवावेत : पदार्थाचे पान किती जणांनी पाहिले, पिशवीत किती जणांनी टाकले, पैशांच्या पानापर्यंत किती पोचले, पैसे किती जणांनी भरले. समजा ३००, ६०, ४५ आणि ९ असे आले. ४५ मधून ९ च उरतात, म्हणजे गळती पोच-खर्चात किंवा पैसे भरण्यात आहे. तिथे फोटो बदलून काही होणार नाही. ३०० मधून ६ जणांनीच पिशवी भरली असती, तर मात्र फोटो, किंमत आणि मजकूर तपासायला हवा. मायक्रोसॉफ्टचे क्लॅरिटी हे फुकटचे साधन माणसाचे बोट पडद्यावर कुठे कुठे अडले ते चित्रफितीसारखे दाखवते. पंधरा-वीस फिती पाहिल्या की कोणते बटण कुणालाच सापडत नाही ते कळते. एक बदल केला की दोन आठवडे थांबावे. आणि पितृपक्षातल्या आठवड्याची तुलना धनत्रयोदशीच्या आठवड्याशी करून ‘बघा, नव्या बटणाने विक्री पाचपट झाली’ असे कुणी म्हणाले, तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

आमची सूचना प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांना आहे. वेबसाइट कशी काढायची यावर दोन दिवस जातात, त्यातला अर्धा दिवस वेगळा काढावा. प्रत्येक ताईने शेजारणीचा फोन घ्यावा, त्यावर इन्स्टाग्राममधून स्वतःची वेबसाइट उघडावी, पाव किलो काहीतरी निवडावे, खरा पत्ता घालावा, खरे पैसे भरावेत आणि कितीदा बोट अडले ते शेजारणीने मोजावे.

आपले,
घरगुती खाद्य उद्योगांना ऑनलाइन विक्रीसाठी साहाय्य करणारे काही कार्यकर्ते,
पुणे